चौदा कुलपं, एक्केचाळीस नावं

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. नागावात राहतो, नारळाच्या वाडीला पाणी लावतो. संध्याकाळी ओळखीचे लोक येऊन बसतात आणि खुनाच्या, दरोड्याच्या गोष्टी सांगा म्हणतात. त्या मी सांगतोही, थोडं तिखटमीठ लावून. पण एकटा असलो की डोळ्यांपुढे येते ती एका अंगणवाडी सेविकेची फाईल. त्या प्रकरणात रक्ताचा थेंब सांडला नाही, कुणी कुणाला शिवी दिल्याचीही नोंद नाही. तरी सगळ्या नोकरीत मला खाली बघायला लावलं ते याच एका प्रकरणाने.

तेव्हा मी दक्षिण रायगडात, खाडीकाठच्या एका छोट्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. त्याआधी बारा वर्षं मुंबईत काढली होती. राज्याची राजधानी असल्याने तिथे निवडणुकांचा तोटा नाही. लोकसभेचे बंदोबस्त केले, महापालिकेचेही केले. बाहेरच्या माणसाला वाटतं, जेवढी मोठी निवडणूक तेवढं मोठं भांडण. माझा अनुभव नेमका उलटा आहे. लोकसभेला लोक रांगेत शांत उभे असतात. लाखोंच्या मतदारसंघात शेजाऱ्याचं मत आपल्या विरोधात गेलं तरी कुणाला पत्ता लागत नाही. महापालिकेच्या वॉर्डात मात्र निकाल शे-दोनशे मतांवर फिरतो. नळाला पाणी कुणी आणलं, गटारावर फरशी कुणी घातली, यावरून एका चाळीतले दोन मजले वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत. खाडीकाठी बदली झाली तेव्हा मला वाटलं, सुटलो एकदाचा.

पण इथल्या प्रत्येक गावाचा अर्धा जीव मुंबईत असतो, हे मी विसरलो होतो. गावच्या मंडळाची मुंबईत एक खोली असते. गावातून नोकरीला गेलेला माणूस आधी तिथे पथारी टाकतो, मग बस्तान बसलं की स्वतःचं बघतो. कुणी कायमचे तिकडचे होतात. कुणाची बायकामुलं, शेती, चूल गावातच राहते आणि तो येऊनजाऊन असतो. मतदार यादीत कोण कुठला, हे ठरवणं सोपं नाही. ते काम गावात एक बाई करत होती. ती अंगणवाडी सेविका होती आणि मतदान केंद्राची बीएलओही. म्हणजे घरोघर फिरून कोण इथे राहतो, कोण गेला, कोण वारला हे तपासून यादी दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी तिच्यावर होती. गावात तिला लहानथोर सगळे ताई म्हणत.

जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची निवडणूक जवळ आली होती. एके सकाळी ठाण्यातला फोन वाजला. हवालदाराने उचलला. पलीकडच्या माणसाने नाव सांगितलं नाही. "वरच्या वाडीची एक्केचाळीस नावं यादीतून उडालीत. अंगणवाडीवालीने पैसे खाऊन कापलीत. तिला धरा," एवढं बोलून त्याने फोन ठेवला. आमचा हवालदार उरणकडचा आगरी गडी. कामाचा पक्का. त्याने नंबर वहीत टिपून ठेवला.

दुपारी वरच्या वाडीची माणसं ठाण्यात आली. पुढे गावकीचे अध्यक्ष, सत्तरीचे गृहस्थ. ग्रामपंचायतीत लावलेल्या प्रारूप यादीत त्यांना आपली माणसं सापडली नव्हती. ते म्हणाले, "साहेब, आमची माणसं जित्ती हायत आन यादीत मेली. ताईनं असं करावं? आमच्या घरातली पोरं तिच्या मांडीवर वाढली."

मी निवडणूक शाखेतून कागद मागवले. नाव वगळण्याचे एक्केचाळीस अर्ज, आणि सोबत एक पंचनामा. बीएलओने समक्ष जाऊन पाहिलं असता खालील चौदा घरं कुलूपबंद आढळली, शेजाऱ्यांच्या सांगण्यानुसार कुटुंबं कायमची मुंबईला गेली आहेत, असा मजकूर. खाली दोन पंचांच्या सह्या आणि सेविकेची सही. पंचांना विचारलं तर ते म्हणाले, आम्ही सही केलीच नाही. त्याला मी फारशी किंमत दिली नाही. सही करून नंतर हात झटकणारे पंच मी आयुष्यभर पाहत आलो होतो. सह्या हस्ताक्षर तज्ज्ञाकडे पाठवल्या, पण तो अहवाल यायला महिने लागतात. इकडे पुरवणी यादी बंद व्हायला नऊ दिवस उरले होते. वरून सूचना आली होती की सेविकेवर गुन्हा नोंदवून मोकळं व्हा. गुन्हा नोंदला की तिची बावीस वर्षांची नोकरी जाणार, आणि त्याहीपेक्षा गावातलं नाव जाणार, हे मला दिसत होतं. पण कागद समोर होता आणि त्यावर सही होती.

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नाही, तिच्या घरी जायचं, असा नियम आहे. मी तसा निरोप पाठवला. निरोप मिळताच तीच ठाण्यात आली. खांद्याला पिशवी, पायात चिखलाने भरलेल्या चपला. म्हणाली, "घरी पोलीस आला तर वाडी चोर म्हनंल. मी चालत आले तर म्हनतील, कामाला गेली."

महिला शिपायाला शेजारी बसवून मी चौकशी सुरू केली. पंचनाम्याची घडी अशी घातली होती की तिला फक्त सही दिसावी. ही आमची जुनी पद्धत. सगळा मजकूर दाखवला की माणूस मजकुराप्रमाणे उत्तर रचतो.

"सही तुमचीच ना?"

तिने वाकून पाहिलं. "माझ्यासारखी हाय. पन कागद सगळा वाचायला द्या, साहेब. न वाचता मी सही करत न्हाय, तशी न वाचता नाकारत पन न्हाय."

"इथे प्रश्न मी विचारतो," मी म्हणालो.

"व्हय. विचारा की."

दोन दिवस हेच चाललं. मी सही दाखवायचो, ती कागद मागायची. माझ्या अनुभवात दोषी माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत कुठल्या तरी पुढाऱ्याचं नाव घेतो. निर्दोष माणूस बहुधा चिडतो किंवा रडतो. हिने तिन्हीतलं काहीच केलं नाही. मी चहाला उठलो की ती महिला शिपायाला विचारायची, तुझ्या बाळाचा गोवराचा डोस झाला का, आणि झाला नाही म्हटल्यावर कुठल्या बुधवारी कुठे जायचं ते सांगायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिपाई मला म्हणाली, "सर, ही बाई असं करणारी वाटत नाही."

"वाटण्यावर दोषारोपपत्र बसत नाही," मी म्हणालो. तेव्हा मला ते वाक्य फार टापटिपीचं वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी ती आली आणि बसलीच नाही. "साहेब, आज येक तर कागद द्या, न्हायतर अटक करा. पोरांचा आहार शिजायचा हाय, मदतनीस येकटीच हाय तिकडं."

खरं सांगायचं तर मी वैतागून कागद दिले. तिच्यावर विश्वास बसला म्हणून नाही. सगळा गठ्ठा तिच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, वाचा बाई, पारायण करा.

तिने पारायणच केलं. एक्केचाळीस अर्ज, एकेक ओळीवर बोट ठेवून. मधेच पिशवीतून स्वतःची घरभेटीची वही काढून ताडून पाहायची. तासभर हेच चाललं. शेवटी पंचनामा हातात घेतला, आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा बदलला. तिने कागद माझ्यापुढे ठेवून तारखेवर बोट टेकलं.

"ही तारीख शिमग्यातली. त्या दिसाला पालखी आमच्या वाडीत व्हती."

"बरं, मग?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या अंगणवाडीत नव्याने आलेल्या मुलाकडे ती तशीच पाहत असणार. "साहेब, पालखी दारात यायची त्या दिसाला दार बंद ठेवत न्हाईत. मुंबईवाला आला न्हाय तरी चावी शेजारी असते. शेजारीन घर उघडते, झाडते, दिवा लावते, नारळ काढून ठेवते. वरीसभर कुलूप असंल, त्या दिसाला न्हाय. ह्यानं चौदा कुलपं आनली कुठनं?"

मी मूळचा घाटावरचा. आमच्याकडे होळी पेटली की सण आटोपला. इथे होळीनंतर गावदेवीची पालखी वाडीवाडीत, घराघरांत जाते, आणि कुठल्या वाडीत कुठल्या दिवशी हे गावाचं गावाने ठरवलेलं असतं. हे मला ऐकून माहीत होतं. दिवस लक्षात ठेवण्याची गरज कधी वाटली नव्हती.

हवालदार उठला आणि बंदोबस्ताची नोंदवही घेऊन आला. पान उघडून माझ्यापुढे धरलं. "सायेब, त्या दिसाला आपुनच तिकडं व्हतो."

माझ्याच हस्ताक्षरात नोंद होती. वरची वाडी, पालखी बंदोबस्त, सकाळी नऊ ते सायंकाळी सात, प्रभारी अधिकारी स्वतः हजर. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. त्या चौदा घरांपैकी तीन घरांच्या ओट्यावर बसून मी कोकम सरबत प्यायलो होतो. एका घरात तर पाय लांब करून बसलो होतो आणि घरच्या म्हातारीने पाठीला उशी दिली होती. हवालदाराच्या मोबाइलमध्ये पालखी नाचतानाचं चित्रीकरण निघालं. ते आम्ही तिघांनी टेबलावर ठेवून पाहिलं. अंगणात पालखी फिरते आहे आणि मागे एकेक दार सताड उघडं, आत दिवा. बारा घरं स्पष्ट ओळखता आली. त्यातल्या एका ओट्यावर टोपी काढून बसलेला मी होतो.

मला लाज वाटली. ती लपवायला मी उगाच फाईल चाळत राहिलो. पहिल्याच दिवशी कागद तिच्या हातात दिला असता तर तिचे तीन दिवस आणि माझी ही शोभा, दोन्ही वाचलं असतं.

पुढचं काम मग भराभर झालं. निनावी फोनचा नंबर वहीत होताच. तो निघाला मुंबईतल्या एका इच्छुक उमेदवाराच्या कार्यकर्त्याचा. याचं मूळ गाव खाडीपलीकडचं, पण जन्म आणि वाढ मुंबईची. त्याच्या साहेबांना महापालिकेत निवडून यायचं होतं, आणि वरच्या वाडीच्या मंडळाची खोली नेमकी त्याच वॉर्डात होती. मुंबईची यादी मागवली. आमची एक्केचाळीस नावं तिथे नव्याने दाखल झालेली, सगळ्यांचा पत्ता एकच. दहा बाय बाराची खोली.

त्याला बोलावल्यावर तो पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आला. पाचव्या मिनिटाला त्याने पुढाऱ्याचं नाव घेतलं आणि मला जरा हायसं वाटलं. या वेळी मी पंचनामा त्याला अख्खा वाचून दाखवला. मग एकच प्रश्न विचारला. "या दिवशी वरच्या वाडीत काय होतं?"

त्याने मोबाइलमध्ये कॅलेंडर पाहिलं. "काय नाय सर. संडे होता. म्हणून तर ताईंनी व्हिजिट केली असेल."

"पालखी नव्हती?"

"पालखी होळीला असते ना सर? होळी तर आधीच झाली होती."

हवालदाराने टेबलावर हात टेकले. स्वतः त्याला हे सगळं चार दिवसांपूर्वी कळलं होतं, पण आवाज असा की जन्मभर पालखी खांद्यावर वाहिली असावी. "खाडीवरचा म्हनवतोस आन येवडं म्हाईत न्हाय तुला?"

मग चित्रीकरण त्याच्यापुढे ठेवलं. चौथ्या दाराला तो कबूल झाला. गणपतीत गावी जायला फुकट बस देतो म्हणून त्याने मंडळाच्या खोलीत घराघरातल्या सगळ्यांच्या आधारकार्डांच्या प्रती गोळा केल्या होत्या. त्याच वापरून नावं मुंबईत चढवली. गावातली नावं राहिली तर दुबार म्हणून पकडली जातील, म्हणून इकडचे वगळण्याचे अर्ज बनवले. सेविकेची सही लोकसभेच्या वेळी तिने वाटलेल्या मतदार चिठ्ठीवरून गिरवली, पंचांच्या सह्या स्वतःच ठोकल्या, आणि निवडणूक कामासाठी तात्पुरत्या घेतलेल्या एका ऑपरेटरला हाताशी धरून गठ्ठा आत सरकवला. गावात बोभाटा सुरू झाल्यावर मुंबईकडे कुणी पाहू नये म्हणून फोन करून बोट सेविकेकडे दाखवलं. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. लोकसभेला ही माणसं कुठे मत देतात याची त्याला पर्वा नव्हती. राजधानीतल्या एका वॉर्डासाठी मात्र एक्केचाळीस मतं सोन्याच्या भावाची होती. त्याच्यावर आणि ऑपरेटरवर गुन्हा दाखल झाला, दोषारोपपत्र गेलं. पुढचं काम न्यायालयाचं.

इथे प्रकरण संपायला हवं होतं. वाडी सेविकेकडे माफी मागायला गेली. गावकीच्या अध्यक्षांनी भर सभेत हात जोडले. मीही तिथे होतो, कारण यादी पूर्ववत करायला फेरतपासणीचा अहवाल हवा होता आणि पुरवणी यादी बंद व्हायला दोनच दिवस होते. अध्यक्ष म्हणाले, "ताई, आता येका सहीनं एक्केचाळीस नावं परत घाल."

ती उभी राहिली. "बत्तीस घालीन," ती म्हणाली. "नऊ न्हाय."

सभेत कुजबुज सुरू झाली.

"बत्तीस मानसांची चूल हितं पेटते. नऊ मानसं खरंच तिकडली झाली. घर तिकडं, पोरांची शाळा तिकडं. खोटा कागद खोटाच व्हता, पन नऊ जनांपुरतं त्यातलं खरं हाय. त्यांची नावं मुंबईत ऱ्हाऊंद्या, खरा पत्ता घालून."

मागून कुणीतरी तिखट आवाजात विचारलं, "कोन कोन ते नऊ? वाच तरी."

तिने वही उघडून नावं वाचली. पहिली दोन तिच्या मुलाची आणि सुनेची होती.

वाडीचा माणूस पंचायत समितीला उभा होता आणि ही नऊ मतं त्याने धरलेली होती, हे सभेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. निकालात तो सात मतांनी पडला. वाडीतल्या काही बायका महिनाभर तिच्याशी बोलल्या नाहीत. पोरं मात्र अंगणवाडीत येत राहिली. मी नोकरीत धाडसी माणसं पुष्कळ पाहिली. कोयता घेऊन आलेल्याला रिकाम्या हाताने धरणारे शिपाई माझ्या हाताखाली होते. पण तीन दिवस आपल्याला चोर ठरवणाऱ्या गावाने माफी मागितली, त्याच संध्याकाळी त्या गावाला नाही म्हणणारी बाई मी एकच पाहिली. आरोप धुऊन निघाला म्हणून तिने स्वतःला सूट घेतली नाही, आणि आपल्या रक्ताच्या माणसालाही दिली नाही. तिचा मला हेवा वाटला.

पोलिसाने संशयिताची माफी मागण्याची आमच्याकडे रीत नाही. तरी निवडणूक आटोपल्यावर एका सकाळी मी एकटाच अंगणवाडीत गेलो. पोरांची वजनं चालली होती. खुर्ची नव्हती, म्हणून मी पोरांच्या बुटक्या बाकावर बसलो. म्हटलं, "ताई, तीन दिवस तुम्हाला कागद दिला नाही. चूक माझी होती."

"दिलात ना शेवटी," ती म्हणाली. वजनकाट्यातलं पोर उतरवून तिने पिशवीतून ती घरभेटीची वही काढली. "साहेब, तुमाला हितं येऊन तीन वर्सं झाली. पोलीस वसाहतीत ऱ्हाता. माझ्या यादीत तुमचं नाव न्हाय. कुठं हाय?"

तिने ते सरळ, कामाच्या आवाजात विचारलं होतं. मनात काही ठेवून नाही. माझं नाव मुंबईत होतं, जुन्या पोलीस लाइनीच्या पत्त्यावर. आणि घाटावर गावातही होतं. महापालिकेला मी तिकडे मत दिलं होतं, ग्रामपंचायतीला चुलत भावासाठी गावी. लोकसभेला जिथे सोयीचं पडेल तिथे. हा गुन्हा आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. बदलीचा माणूस, करायचं राहून गेलं, असं सांगितलं असतं तर तिने ते मान्यही केलं असतं. पण तिच्यासमोर ते सांगवेना.

"दोन ठिकाणी आहे," मी म्हणालो.

ती हसली नाही, तोंडावर पदरही घेतला नाही. पिशवीतून कोरे अर्ज काढले आणि पेनासकट माझ्या गुडघ्यावर ठेवले. "दोन्ही कमी करा, आन हितं घाला. जिथं जेवता, झोपता, तिथलं नाव."

"कारण काय लिहू?"

"हाय ते."

मी लिहायला सुरुवात केली. पोरं गोळा होऊन माझ्या टोपीकडे बघत होती, आणि ती पुढच्या पोराला काट्यात बसवत होती. खात्यात मी शेकडो लोकांचे जबाब लिहून घेतले. त्यातले कितीतरी धाक घालून, कितीतरी कागदाची घडी घालून. स्वतःचा जबाब मी आयुष्यात एकदाच दिला, तो त्या बुटक्या बाकावर बसून, आणि तो घेणाऱ्या बाईने मला एकही उलटा प्रश्न विचारला नाही.